हिरवळ अंथरण्याआधी माती मोकळी करा

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने एक अनपेक्षित निर्णय जाहीर केला. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील तिसरा कसोटी सामना १ मार्चपासून धरमशाला येथे व्हायचा होता. तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर हलवण्यात आला. धरमशालेच्या मैदानाचे नूतनीकरण झाले होते. मात्र कडक हिवाळ्यामुळे तेथील गवत पुरेसे दाट झाले नव्हते आणि त्याला आणखी वेळ हवा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाचे सामने तेथे झाले, तेव्हाही मैदानाच्या स्थितीवर पुन्हा टीका झाली. सूर मारून चेंडू अडवणाऱ्या खेळाडूंना दुखापत होईल, अशी भीती व्यक्त झाली. तज्ज्ञ, यंत्रे आणि पैसा यांची ज्यांना वानवा नाही, त्यांनाही गवताच्या मुळांना घाई करायला लावता आली नाही.

हा सामना ज्या इंदूरला गेला, त्याच शहरातील एका घराच्या अंगणात मी या घाईची छोटी आवृत्ती पाहिली आहे. माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली, त्याला आता चाळीस वर्षे होतील. घराच्या दुरुस्तीचे काम वर्षभर चालले होते. वाळूच्या गाड्या, विटांचे ढीग आणि कामगारांची ये-जा यांमुळे घरापुढचे बाराशे चौरस फुटांचे अंगण दगडासारखे झाले होते; कडेने गाजरगवत आणि लव्हाळा माजला होता. जूनच्या अखेरीस एका रोपवाटिकेतून तयार हिरवळीच्या चटया आल्या. वरवर तण कापले, दोन बोटे लाल माती पसरली आणि एका दिवसात चटया अंथरून झाल्या. ‘‘अगं, सकाळी उजाड होतं, संध्याकाळी बगीचा झाला,’’ असे आत्याने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितले होते.

श्रावणात ते अंगण खरोखर देखणे दिसत होते. गणपतीत पिवळे डाग पडू लागले. दिवाळीत मी गेले, तेव्हा आतोबांनी एका कोपऱ्यातील हिरवळ बोटांनी धरून उचलली. सतरंजी उचलावी तशी ती सहज वर आली. खाली माती तशीच गुळगुळीत, टणक होती. चार महिन्यांत एकही मूळ तिच्यात शिरले नव्हते. सांध्यांमधून लव्हाळ्याची टोकदार पाती मात्र डौलाने वर आली होती.

खर्च वाया गेला होता; त्याहून अधिक, वर्षभर वापरलेले पाणी वाया गेले होते. असे का झाले आणि काय करायला हवे होते, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे. गोव्यातही बंगल्यांच्या आणि नव्या वसाहतींच्या आवारात तयार हिरवळ अंथरण्याचे प्रमाण वाढते आहे आणि चूक बहुधा हीच होते.

अंगण गवतासाठी नव्हतेच

आधी एक जुनी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्या परंपरेतील अंगण हे गवत उगवू नये म्हणूनच तयार केलेले असते. पावसाळा सरला की अंगणातले रान काढायचे, माती पसरून पाणी शिंपडायचे, चोपण्याने किंवा धुमसाने ती चोपून घ्यायची आणि वर शेणाचा सडा किंवा सारवण करायचे. त्या टणक भुईवर भात वाळत पडे, सोले सुकत, मिरच्या पसरल्या जात, तुळशीचे लग्न लागे. पाणी वरून निघून जावे, धूळ उडू नये, मुंगीला बीळ करता येऊ नये, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली गेली. आता त्याच भुईकडून आपण नेमक्या उलट गुणाची अपेक्षा करतो. शिवाय मोटारी आणि बांधकामाची वाहने यांनी जुन्या धुमसाच्या कित्येक पट दाब तिच्यावर टाकलेला असतो.

निरोगी मातीचा जवळजवळ अर्धा भाग पोकळ असतो. तिच्या कणांमधील लहान पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा राहते. मुळे श्वसन करतात. त्यांना प्राणवायू लागतो. माती दाबली गेली की आधी मोठ्या पोकळ्या नाहीशा होतात. मग पाऊस पडला तर पाणी साचते, उघडीप मिळाली तर भुई विटेसारखी वाळते. दोन्ही अवस्थांत मूळ गुदमरते. हिरवळीची चटई येते तेव्हा तिच्याबरोबर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाडीची माती असते. पावसाळ्यात तेवढ्यावर ती तग धरते. पाऊस थांबला की तिला खालच्या मातीचा आधार हवा असतो. तो नसेल तर ती कुंडीतल्या रोपासारखी रोजच्या पाण्यावर जगते आणि एक दिवस चुकला की करपते.

तण काय सांगते?

तणाचा आपल्याला राग येतो. पण कोणते तण माजले आहे यावरून जमिनीचा अंदाज बांधता येतो. लव्हाळा दाट असेल तर तेथे ओलावा रेंगाळतो आहे असे समजायला हरकत नाही. टणक, तुडवलेल्या पायवाटेच्या कडेने हरळी पसरते. मोकळी पडलेली, उकरलेली किंवा भराव टाकलेली जागा गाजरगवत पटकावते.

या तिघांचा बंदोबस्त तीन तऱ्हांनी करावा लागतो. गाजरगवत बियांपासून येते आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. त्यामुळे ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटणे हाच उत्तम उपाय. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज आणि परागांमुळे दम्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून हातमोजे घालावेत आणि नाकाला फडके बांधावे. मध्य प्रदेशातच, जबलपूरला, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन संचालनालय आहे. तेथून दर वर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत निर्मूलनासाठी देशभर जागृती सप्ताह राबवला जातो.

लव्हाळा अधिक चिवट असतो. जमिनीखाली त्याच्या गाठींची साखळी असते. वरची पाती कापली की खालची दुसरी गाठ जागी होते. जमिनीतून यंत्र फिरवले की साखळी तुटते आणि एका झाडाची दहा होतात. म्हणून लव्हाळा असलेल्या अंगणात आधी यंत्र फिरवू नये. बागकामाच्या काट्याने माती सैल करून गाठी हाताने वेचाव्यात. पंधरा दिवसांनी पुन्हा पाती वर आली की पुन्हा वेचाव्यात. दोन-तीन वेळा असे केल्यावर त्याचा जोर ओसरतो.

हरळीची गंमत वेगळी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती शत्रू. गणपतीच्या पूजेत तीच दूर्वा. आणि अनेक हिरवळींमध्ये लावले जाणारे गवत तिच्याच कुळातले. आपल्याला दुसऱ्या जातीची हिरवळ हवी असेल तर मात्र हरळीचे धावते कांडे आणि पांढरी मुळे शोधून काढावी लागतात, नाहीतर वर्षभरात ती मूळ हिरवळीला गिळून टाकते.

तणनाशक फवारून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. तणनाशकाने हिरवी पाने मरतात. मातीतल्या बियांचा साठा तसाच राहतो आणि टणकपणा तर तसूभरही कमी होत नाही. ग्लायफोसेट या सर्वपरिचित तणनाशकाच्या वापरावर मर्यादा घालणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. परवानाधारक कीड नियंत्रकांखेरीज इतरांनी ते वापरू नये, असा तिचा आशय होता. मुले आणि जनावरे वावरतात त्या अंगणात कुदळ आणि काटा हीच शहाणपणाची साधने होत.

दोन सोप्या परीक्षा

कामाला हात घालण्यापूर्वी घरच्या घरी दोन परीक्षा कराव्यात. अंगण भिजवून दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई हाताच्या जोराने खुपसून पाहावी. वीतभर सहज गेली तर चिंता नाही. चार बोटांवर अडली तर तिथून टणक थर सुरू होतो. पाच-सहा ठिकाणी असे केल्यावर अंगणाचा नकाशाच हाती येतो. गाडी उभी राहते ती जागा, नळाकडे जाणारी वाट आणि बांधकामाचा गाळा कोठे साचला आहे, हे सारे सळई सांगते.

दुसरी परीक्षा निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पाणी तासाभरात किती उतरते ते मोजावे. साधारण अडीच सेंटिमीटर उतरले तर गवताला पुरेसे आहे. एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर कोणत्याही जातीची, कितीही महागडी हिरवळ तेथे टिकणार नाही. आत्याच्या अंगणातल्या खड्ड्यात सकाळी भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी चिमण्या पीत होत्या.

वाफसा ओळखावा

माळव्याची माती काळी, चिकण. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशी माती ओली असताना खणली तर तिची ढेकळे होतात आणि वाळल्यावर ती फोडता फोडत नाहीत. पूर्ण कोरडी असताना कुदळ परत उसळते. या दोहोंच्या मधल्या अवस्थेला आपल्या शेतकऱ्यांनी ‘वाफसा’ हा सुंदर शब्द दिला आहे. माती ओलसर आहे आणि तिच्यात हवाही खेळते आहे, ही ती अवस्था. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून माती मोकळी झाली की वाफसा आला. गोळा थापटासारखा बसला तर थांबावे. गोळाच होत नसेल तर पाणी देऊन दोन-तीन दिवस वाट पाहावी.

वाफशावर आलेली माती वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटर, खणून घ्यावी. तिचे पीठ करू नये. पीठ झालेली माती पहिल्याच पावसात पुन्हा लिंपली जाते. बोरा-आवळ्याएवढे खडे राहिले तरी चालतात. विटांचे तुकडे, सिमेंटचा गाळा आणि प्लास्टिक याच वेळी वेचून काढावे.

येथे आणखी एक चूक सर्रास होते. चिकण माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात थोडी वाळू मिसळली जाते. वाळूचे प्रमाण फार मोठे असल्याशिवाय उपयोग होत नाही. थोडी वाळू आणि भरपूर चिकण माती यांचे मिश्रण वाळल्यावर आधीपेक्षा कठीण होते. वर लाल मातीचा वेगळा थर टाकणेही निरुपयोगी, कारण दोन मातींच्या सांध्यावर पाणी आणि मुळे दोन्ही अडतात. चिकण मातीला मोकळे करणारी खरी वस्तू एकच, ती म्हणजे चांगले कुजलेले खत.

हे इंदूरनेच शिकवले

या ठिकाणी इंदूरच्या इतिहासातील एक पान उलगडावे लागेल. १९०५ मध्ये हिंदुस्थानात आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी बिहारमधील पुसा येथे मातीतील हवेचा दीर्घ अभ्यास केला. तेथील फळबागेत त्यांनी काही झाडांखालची जमीन निंदून मोकळी ठेवली आणि काहींखाली गवत वाढू दिले. आणखी काही ठिकाणी गवत ठेवून मधोमध विटांच्या तुकड्यांनी भरलेले चर दिले. मोकळ्या जमिनीतील झाडे जोमाने वाढली. गवताखालची कोवळी झाडे खुरटली. हवेसाठी चर दिलेल्या ठिकाणी झाडांना दिलासा मिळाला. दाट गवत मातीतील हवा आणि पाणी यांवर किती हक्क सांगते, हे त्यातून दिसून आले. अंगणातल्या आंब्या-पेरूच्या बुंध्यापर्यंत हिरवळ नेण्याची हौस असलेल्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा आणि झाडाच्या आळ्यापुरती जागा तरी मोकळी सोडावी.

पुढे १९२४ मध्ये इंदूरला, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर, ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. काळ्या जमिनीत कापूस कसा चांगला येईल, हा मुख्य प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना शेतातला काडीकचरा, तण, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांपासून तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत तेथे घडली. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी मिळून ती ग्रंथरूपाने मांडली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले महात्मा गांधी ही पद्धत पाहायला त्या संस्थेत गेले होते आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून तिची माहिती वाचकांपर्यंत पोहोचली. संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. सेंद्रिय शेतीचा जगभर जयघोष होत असताना तिच्या पायाशी असलेल्या पहिल्या ग्रंथांपैकी एकावर मराठी आडनाव आहे, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. वाळलेला आणि ओला कचरा थराथराने रचायचा, प्रत्येक थरावर शेणकाला आणि थोडी माती व राख शिंपायची, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवायचा आणि ढीग तीनदा उलथायचा. पहिल्यांदा सुमारे दोन आठवड्यांनी, दुसऱ्यांदा महिन्याने, तिसऱ्यांदा दोन महिन्यांनी. उलथण्याने आत हवा जाते आणि कुजण्याची क्रिया दुर्गंधीविना पुरी होते. कोरड्या दिवसांत हे काम उथळ खड्ड्यात होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून ढीग जमिनीवर रचला जाई. अंगणातून काढलेले तण, बिया धरण्यापूर्वीचे असेल तर, याच ढिगात जाऊ शकते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची कांडी मात्र आधी उन्हात कडकडीत वाळवावीत.

घरी एवढे खत होत नसेल तर विकत घ्यावे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदूरमध्ये ओला आणि सुका कचरा घरातूनच वेगळा निघतो. देवगुराडिया येथील प्रकल्पात, ज्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करण्याची क्षमता आहे. शंभर वर्षांपूर्वी या शहरात जे शास्त्र शेतासाठी घडले, ते आज शहराच्या कचऱ्याला लागू झाले आहे. विकतचे खत मात्र चाळून घ्यावे आणि हुंगून पाहावे. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. आंबूस किंवा अमोनियाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे आणि कोवळ्या मुळांना जाळील.

खणलेल्या जागेवर तीन ते पाच सेंटिमीटर जाडीचा खताचा थर पसरून तो वीतभर खोलीपर्यंत मिसळावा. चारशे चौरस फुटांना चार सेंटिमीटरच्या हिशेबाने सुमारे दीड घनमीटर खत लागते. हा आकडा ऐकून अनेकजण बिचकतात, पण हिरवळीच्या चटयांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत तो थोडाच असतो.

उतार, ऊन आणि मग हिरवळ

माती मिसळून झाली की घरापासून दूर जाणारा उतार द्यावा. एका मीटरला एक ते दोन सेंटिमीटर पुरेसे आहेत. पायवाटेच्या पातळीपेक्षा माती दोन सेंटिमीटर खाली ठेवावी, म्हणजे चटई बसल्यावर दोन्ही समपातळीत येतात. त्यानंतर पाणी देऊन माती आपोआप बसू द्यावी. चालताना पाऊल सेंटिमीटरभराहून अधिक रुतत नाही, इतपतच ती दाबावी. येथे जड रोलर फिरवला तर सारी मेहनत फुकट जाते.

माळव्याचा उन्हाळा तणाविरुद्ध कामी आणता येतो. एप्रिल-मे महिन्यांत सपाट केलेली माती भिजवून तिच्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. खालची माती इतकी तापते की वरच्या थरातील बऱ्याच बिया मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातून वाचू शकतात. प्लास्टिक काढल्यावर पुन्हा खोल खणू नये, नाहीतर खालच्या बिया वर येतात. पहिल्या पावसानंतर जे थोडे तण उगवेल ते खुरप्याने वरच्यावर काढावे. तण उगवू देणे आणि ते काढणे, हा फेरा दोनदा झाला की जमीन हिरवळीसाठी तयार होते.

चटया कापल्यापासून शक्यतो चोवीस तासांच्या आत अंथराव्यात. विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. खालची माती आधी ओलसर असावी आणि चटईचा तिच्याशी पूर्ण स्पर्श व्हावा. मध्ये पोकळी राहिली की तेथे डाग पडतो. पहिले दोन आठवडे पृष्ठभाग सुकू देऊ नये. त्यानंतर पाणी कमी वेळा, पण खोलवर द्यावे, म्हणजे मुळे ओलाव्याच्या शोधात खाली जातात. तीन आठवड्यांनी कोपरा हलकेच ओढून पाहावा. तो हाताला विरोध करू लागला की हिरवळ रुजली. तोपर्यंत तिच्यावर चालू नये आणि कापणीही करू नये.

गोव्यात काय बदलते?

इंदूरला वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या तिप्पट. त्यांची माती काळी आणि सहसा विम्लधर्मी. आपली जांभ्याची, तांबडी आणि आम्लधर्मी. त्यामुळे त्यांचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलता येत नाही. माळव्यात जुलैमधील उघडिपीत हिरवळ लावतात, कारण हिवाळ्याच्या थंडीआधी तिला रुजायला अवधी हवा असतो. गोव्यात जुलैच्या धुवाधार पावसात मोकळी केलेली माती वाहून जाईल. येथे चतुर्थीनंतर, पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा. तण तापवण्याचे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावे आणि पावसाळ्यात ती जागा ताग किंवा चवळीसारख्या पिकाने झाकून ठेवावी. ते पीक फुलावर येताच कापून मातीत गाडले की खताची सोयही होते. मात्र ते पुरते कुजायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे कापणी ऑगस्टमध्येच करावी.

आम्लता किती आहे हे पाहूनच चुना द्यावा. त्यासाठी मातीचा नमुना तपासून घ्यावा. आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात त्याची माहिती मिळते. जुने गोवे येथील एला गावात भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी कृषी संशोधन संस्थाही आहे. जांभ्याच्या कातळावर जेमतेम चार बोटे माती असेल तर हिरवळीचा हट्ट सोडून द्यावा, हे उत्तम.

पाण्याचा हिशेब

शेवटी प्रश्न उरतो तो आकाराचा. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते, असे धरले तर बाराशे चौरस फुटांसाठी रोज साडेपाचशे लिटर पाणी हवे. इंदूरला हे पाणी नर्मदेतून येते. १९७८ पासून जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून ते शहरात आणले जाते. एके काळी पावलापावलावर पाणी ही माळव्याची ख्याती होती. आज तेथील घराघरात नदी डोंगर ओलांडून येते. आपल्याकडेही मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या आहेत. मोकळी, खतावलेली माती पावसाचे पाणी साठवून ठेवते, त्यामुळे मातीवर केलेली मेहनत पाण्याच्या बचतीतही परत मिळते. तरीही जेवढी हिरवळ खरोखर वापरात येईल, तेवढीच लावणे हे खरे शहाणपण.

आत्याने दुसऱ्या खेपेला तेच केले. फेब्रुवारीत गाठी वेचायला सुरुवात झाली, मार्चमध्ये खणणी झाली, उन्हाळाभर अंगण प्लास्टिकखाली तापत राहिले. शेजाऱ्यांनी चेष्टा केली. जुलैच्या अखेरीस केवळ चारशे चौरस फुटांवर हिरवळ अंथरली गेली. गाडीच्या जागी फरशा आल्या, पेरूच्या झाडाभोवती मोठे आळे राहिले आणि तुळशीपुढची जागा पूर्वीसारखीच चोपून, सारवून ठेवली. तेथे ती अजूनही रांगोळी काढते.

या दिवाळीत मी गेले, तेव्हा आतोबा मला पुन्हा त्याच कोपऱ्यात घेऊन गेले. ‘‘आता ओढून बघ,’’ म्हणाले. मी ओढले. गवताची चार पाती हातात आली. हिरवळ जागची हलली नाही.